कुंडीतल्या चिलटांचा बंदोबस्त

पाणी घालताना कुंडीतून उडणारी बारीक काळी चिलटं फळांवर घोंगावणारी नव्हेत. ही ओल्या मातीत वाढतात. उडणारं चिलट झाडाला इजा करत नाही. कोवळी मुळं कुरतडते ती मातीतली, काळ्या डोक्याची पांढुरकी अळी. म्हणून नुसता वरून फवारा मारून काही साधत नाही. खात्री करायची तर बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून खाली अळ्या जमल्यात का पाहा.

खरा उपाय म्हणजे पाणी देताना हात आखडणं. वरचा 3 ते 4 सेंमी थर सुकल्याशिवाय पाणी नको. नाशिकच्या पावसाळ्यात घरातली कुंडी कितीतरी दिवस ओली राहते, तरी सवयीने रोज तांब्याभर पाणी ओतलं जातं आणि चिलटांचं फावतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर फसवंच: वरून सुकं, आत चिंब. बोट खुपसा, कुंडी उचलून वजन पाहा. ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून द्या.

द्राक्षबागेत लावतात तसे पिवळे चिकट सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात. तुकडे कापून मातीलगत खोचा. अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची इस्रायलेन्सिस जात, म्हणजे डासांच्या अळ्यांवर वापरतात तीच, डब्यावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा मातीत ओता. कुर्स्टाकी जात घेऊ नका, ती सुरवंटांसाठी असते.

अंड्यापासून चिलट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत थांबलात तर कोषांतून नवी चिलटं निघतात आणि पुन्हा अंडी घालतात. महिनाभर तरी चालू ठेवा.