तेल आणि पाणी: लिपिडचे प्रकरण मला कसे उलगडले

जीवरसायनशास्त्र शिकण्यासाठी मी मंगळवेढ्याहून सोलापूरला आले, तेव्हा कर्बोदके आणि प्रथिने यांच्याशी माझे लवकर जुळले, पण लिपिडचे, म्हणजे तेल-चरबीसारख्या पदार्थांचे, प्रकरण काही केल्या हाती लागेना. मेदाम्ले, ट्रायग्लिसराइड, फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल ही सगळी एकाच वर्गात का बसवली आहेत हे न कळल्यामुळे मी संरचना नुसत्या पाठ करत राहिले, आणि पहिल्याच चाचणीत ट्रायग्लिसराइड काढताना ग्लिसरॉलला, म्हणजे मेदाम्ले ज्याला जोडली जातात त्या लहान रेणूला, चार मेदाम्ले जोडून आले. ग्लिसरॉलच्या रेणूत मेदाम्ल जोडले जाते ते हायड्रॉक्सिल (OH) गट तीनच असतात, त्यामुळे चौथ्याला जागाच नाही, एवढा साधा विचारही पाठांतराच्या भरात सुचला नव्हता.

या वर्गाला बांधून ठेवणारी एकसारखी घडण नाही. त्यांना एकत्र आणतो तो त्यांचा स्वभाव. हे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, क्लोरोफॉर्म किंवा ईथरमध्ये मात्र विरघळतात. नव्याने शिकणाऱ्यांनी हे वाक्य व्याख्या म्हणून उतरवून न थांबता, प्रत्येक रेणू समोर आला की त्याचा कोणता भाग पाण्याकडे वळतो आणि कोणता पाण्याला टाळतो, हे आधी पाहावे. त्या रेणूंची कामे पाठ करण्याची गरज मग फारशी उरत नाही.

ट्रायग्लिसराइडमध्ये ग्लिसरॉलचे तिन्ही हायड्रॉक्सिल गट मेदाम्लांनी अडवलेले असल्यामुळे पाण्याशी जमवून घेणारे त्यात फारसे काही उरत नाही, आणि म्हणूनच साठवणीला ते उत्तम ठरते. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातले साठवणीचे कर्बोदक, साठवायचे तर सोबत पाण्याचेही ओझे वाहावे लागते, चरबी मात्र कोरडीच साठते. शिवाय एका ग्रॅममागे चरबीतून सुमारे 9 किलोकॅलरी मिळतात, तर कर्बोदकांतून सुमारे 4.

संपृक्त आणि असंपृक्त हा भेद मला वर्गात नव्हे, तर खोलीच्या खिडकीत समजला. डिसेंबरातल्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली पांढरीशुभ्र गोठलेली असे, आणि तिच्या शेजारचे, घरून आणलेले करडईचे तेल मात्र नेहमीसारखेच वाहत असे. खोबरेलातील बहुतेक मेदाम्ले संपृक्त, म्हणजे कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध नसलेली आणि म्हणून सरळ साखळीची. ती काड्यांच्या मोळीसारखी एकमेकींना चिकटून बसतात. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असते; त्याच्या 18 कार्बनांच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि प्रत्येक बंधापाशी साखळी वाकते, त्यामुळे मोळी घट्ट बांधलीच जात नाही. हे आम्ल आपल्या शरीराला तयार करता येत नाही, कारण नवव्या कार्बनच्या पलीकडे दुहेरी बंध घालणारे विकर (एन्झाइम) माणसाकडे नाही. ते आहारातूनच घ्यावे लागते. पेशीपटल लवचीक राहते तेही अशाच वाकलेल्या साखळ्यांमुळे.

फॉस्फोलिपिडमध्ये तिसऱ्या मेदाम्लाच्या जागी फॉस्फेटचा गट येतो, आणि रेणूला पाण्याकडे वळणारे डोके व पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या मिळतात. असे रेणू पाण्यात सोडले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर असा दुहेरी थर आपोआप रचला जातो. गॉर्टर आणि ग्रेन्डेल या शास्त्रज्ञांनी 1925 मध्ये तांबड्या रक्तपेशींतील लिपिड वेगळे करून पाण्यावर पसरले, तेव्हा त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरली. दुहेरी थराची कल्पना त्यातून पुढे आली. हा प्रयोग समजून घेण्यासाठी एक संध्याकाळ जरूर द्यावी.

कोलेस्टेरॉलला केवळ शत्रू मानून अभ्यासाला बसू नये. चार वलये आणि एकच हायड्रॉक्सिल गट असलेला हा रेणू पेशीपटलाला आवश्यक तेवढा ताठपणा देतो, आणि पित्ताम्ले, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉन त्याच्यापासूनच तयार होतात.

पुढे प्रशिक्षणासाठी मी शहरातील एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये जात असे. एके दिवशी सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळ्या वेगाने फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातून, काढलेल्या नळीत रक्ताच्या वरच्या पिवळसर, पारदर्शक द्रवाऐवजी, म्हणजे सीरमऐवजी, दुधासारखा पांढरा द्रव दिसला. नमुना बिघडला असे समजून मी तो टाकून देणार होते, तेवढ्यात तिथल्या मॅडमनी हात धरला आणि ती नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवायला सांगितली. सकाळी वर सायीसारखा थर जमला होता आणि खालचा द्रवही गढूळच होता. मॅडमनी समजावले की रक्त पाण्याचे, त्यामुळे मेदाला त्यातून प्रवास करायचा तर फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांचे वेष्टन लागते. वर तरंगले ते जेवणातील मेद वाहणारे कायलोमायक्रॉन, आणि खाली गढूळपणा राहिला तो यकृताने पाठवलेल्या व्हीएलडीएल या मेदवाहक कणांचा. ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला 400 मिलिग्रॅमच्या पुढे गेलेले असल्यामुळे त्या नमुन्याचे एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहणारे कण) नेहमीच्या सूत्राने काढता येणार नव्हते. रुग्णाला बारा तास उपाशीपोटी राहून पुन्हा यायला सांगण्याचा फोन मीच केला.