सिमेंटमधलं गंधक: या चुका टाळा

प्रीहीटरचा (भट्टीआधी कच्चा माल तापवणारा मनोरा) खालचा सायक्लोन (गरम वायूतून भुकटी वेगळी करणारं शंकूसारखं भांडं) जाम झाला की पहिला आळ पेटकोकवर, म्हणजे तेल शुद्धीकरणातून उरणाऱ्या कोळशासारख्या इंधनावर येतो. त्यात ५-६ टक्के गंधक असतं हे खरं, पण तेवढ्यावर निकाल देणं ही पहिली चूक. गंधकाला जोडीला अल्कली (पोटॅश आणि सोडा) मिळाली तर ते सल्फेट बनून क्लिंकरबरोबर (भट्टीतून निघणारे भाजलेले गोळे, जे दळून सिमेंट होतं) मुकाट बाहेर पडतं. जोडी न मिळालेलं गंधक भट्टीतल्या सुमारे १४५० अंशांना वायू होऊन मागे फिरतं आणि राइझर डक्टमध्ये (भट्टीतून प्रीहीटरकडे जाणारा वायूचा मार्ग), सायक्लोनच्या कोनमध्ये थरावर थर चढवतं.

हिशेब साधा आहे. सल्फर ट्रायऑक्साइडची (गंधक या रूपात मोजतात) टक्केवारी ८० ने भागा. पोटॅशची ९४ ने आणि सोड्याची ६२ ने भागून बेरीज करा, मग पहिल्या आकड्याला या बेरजेने भागा. समजा इंधनासकट सगळं धरून आकडे १.२, ०.७ आणि ०.२ आले, तर गुणोत्तर १.४ निघतं. साधारण ०.८ ते १.२ मध्ये भट्टी सुखात चालते; १.४ म्हणजे बरंचसं गंधक मोकाट.

दुसरी चूक जास्त महाग पडते: हवा कमी ठेवणं. कार्बन मोनॉक्साइड वाढला की कॅल्शियम सल्फेट एरवीपेक्षा सहज फुटतं आणि गंधक पुन्हा फेऱ्यात जातं. इंधन भरड दळलेलं असेल तर न जळलेले कण थेट मालावर पडतात, आणि भट्टीच्या इनलेटचा (माल आत जातो ते टोक) ऑक्सिजन ठीक दिसत असतानाही आत हाच प्रकार घडतो. क्लिंकरचा गोळा फोडून बघा. गाभा तपकिरी निघाला तर आधी बर्नरकडे आणि दळलेला कोळसा चाळणीवर किती उरतो त्या आकड्याकडे जा. फ्री लाइम (क्लिंकरमध्ये न जुळता उरलेला चुना) वाढला म्हणून आग वाढवत राहिलात, तर गंधक आणखी उडेल.

हॉट मीलचा (खालच्या सायक्लोनमधून भट्टीत जाणारी तापलेली भुकटी) नमुना जाम झाल्यावर घेण्यात काही अर्थ नाही, तो रोजचा हवा. त्यात क्लोराइडही मोजा. गंधक आणि क्लोराइड मिळून जास्त चिकट थर देतात.

चिमणीतून सल्फर डायऑक्साइड जास्त जातोय म्हणून इंधन बदलणारेही भेटतात. चुनखडीत पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर ते वरच्या सायक्लोनमध्येच जळतं, इंधनाशी त्याचा संबंध नाही. रॉ मिल (कच्चा माल दळणारी चक्की) बंद असताना आकडा उसळतो, कारण चालू मिलमधला चुनखडीचा भुगा हा वायू बराचसा शोषून घेत असतो.

शेवटी जिप्सम, म्हणजे सिमेंट लगेच आवळू नये म्हणून क्लिंकरबरोबर दळलं जाणारं कॅल्शियम सल्फेट. क्लिंकरमध्ये आधीच असलेलं सल्फेट न धरता जिप्समचा डोस ठरवू नका. कमी पडलं तर सिमेंट झटकन आवळतं, फार झालं तर पुढे प्रसरणाचा धोका. सिमेंट मिलचं तापमान ११०-१२० अंशांपुढे गेलं की जिप्सम पाणी सोडून अर्धजलीय होतं आणि खोटा सेट (पेस्टचं तात्पुरतं घट्ट होणं) येतो. शंका असेल तर घट्ट झालेली पेस्ट पाणी न घालता पुन्हा घोटा. मऊ पडली तर मिल थंड करा. गरम लागली आणि घोटूनही हलली नाही, तर सल्फेट कमी पडलंय.