मृगाच्या आधी दोन टोचण्या: शेळ्या-मेंढ्यांचा आंत्रविषार

रोहिणी नक्षत्र 25 मेच्या आसपास निघतं आणि मृग 7-8 जूनला. तुमच्या शेळ्यांना आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जंतूच्या विषाने होणाऱ्या रोगाची, लस अजून टोचली नसेल, तर पुढचं वाचायच्या आधी गावच्या किंवा शेजारच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आली आहे का ते विचारून या. ही एका टोचणीची लस नाही. पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, मध्ये 14-15 दिवसांचं अंतर ठेवून. दुसऱ्या डोसनंतर अंगात रोगाशी लढायची ताकद यायला आणखी दहा-बारा दिवस जातात. मृगापासून मागे मोजत गेलात तर पहिली टोचणी 10 मेच्या आत व्हायला हवी. अक्षय्य तृतीया हीच खूण धरा. सण झाला की लस. सण 10 मेच्या पुढे गेला तर त्याची वाट पाहू नका.

भूम-परांड्याच्या माळावर आणि बालाघाटाच्या उतारांवर मी बरीच वर्षं शेळ्या-मेंढ्यांच्या मागे फिरलो आहे. उस्मानाबादी शेळी काटक आहे. उन्हाळ्यात वाळक्या पाल्यावर जगते, दुष्काळ काढते, जुळी करडं देते. अशी शेळी जूनच्या शेवटी चार दिवसांच्या हिरव्या चाऱ्यावर मरते, हे मी इतक्या दावणींवर पाहिलं आहे की आता पहिला पाऊस पडला की माझ्या पोटात गोळा येतो.

एका वस्तीवर एका बाईकडे सतरा शेळ्या होत्या. नवरा नाही, जमीन नाही, ऊसतोडीतून आणलेल्या पैशांवर हळूहळू जमवलेल्या. पाऊस चांगला झाला, ओढ्याकाठी गवत गुडघ्याएवढं आलं, तिने आनंदाने शेळ्या तिकडे सोडल्या. मी पोहोचलो तेव्हा अंगणात पाच करडं ओळीने निजवलेली. एक जिवंत होतं. मान मागे ताणलेली, पाय सायकल मारल्यासारखे हलत होते, दात करकरा वाजत होते, आणि ओठांच्या कोपऱ्यात हिरवी काडी तशीच अडकलेली. ते माझ्यासमोर गेलं. तीन दिवसांत अकरा गेली. ती मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "दादा, सगळ्यात गुटगुटीत होती तीच गेली."

तीच जातात. या रोगाची खूणच ती आहे.

जंतू बाहेरून येत नाही. तो निरोगी शेळीच्या आतड्यात थोड्या प्रमाणात असतोच. उन्हाळाभर कडबा, भुसकट, पाला खाल्लेल्या जनावराच्या पोटात अचानक कोवळं, रसदार गवत किंवा पोटभर दाणा पडला, की तो पचायच्या आत आतड्यात उतरतो. तिथे जंतूला मेजवानी मिळते, काही तासांत त्याची बेसुमार वाढ होते आणि तो विष सोडतो. विष रक्तात जातं, मेंदूला आणि किडनीला लागतं. जे करडू धडधाकट आहे, जास्त खातं, आईचं दूध भरपूर पितं, त्याच्या पोटात हा माल जास्त, म्हणून ते आधी जातं. खंगलेलं, मागे राहिलेलं करडू बऱ्याचदा वाचतं. शवविच्छेदनात किडनी बोट लावलं तर चिखलासारखी लागते.

संध्याकाळी चरून आलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं, म्हणून माणसं म्हणतात पान लागलं, म्हणजे साप चावला. गुटगुटीत करडू गेलं म्हणून म्हणतात नजर लागली. मग पंचाक्षरी येतो, अंगारा लागतो, आणि तेवढ्या वेळात आणखी दोन मरतात. पान एखाद्याला लागेल. एका रात्री तीन करडांना कुठलाही साप चावत सुटत नाही. पाऊस पडून दहा-पंधरा दिवस झालेत, गवत कोवळं आहे, आणि एकापाठोपाठ चांगली जनावरं पडताहेत, तर दुसरं काही शोधू नका.

आजार सुरू झाल्यावर हातात फारसं काही उरत नाही, म्हणून लसीवर इतका जोर देतो. पुण्यात औंधला राज्य शासनाची पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे, तिथे ही लस तयार होते आणि सरकारी दवाखान्यांमार्फत येते. एका डोसचा खर्च चहाच्या कपाहून कमी. किती मिली टोचायची ते बाटलीवर लिहिलेलं असतं. तेच प्रमाण घ्या, शेजाऱ्याने गेल्या वर्षी किती घेतली ते विचारू नका, कारण कंपनीप्रमाणे मात्रा बदलते. कातडीखाली द्यायची, मानेच्या बाजूला किंवा पुढच्या पायामागे. बाटली हलवून घ्या. टोचल्या जागी छोटी गाठ आली तर घाबरू नका, काही दिवसांत जाते.

लस 2 ते 8 अंश तापमानात राहायला हवी. दुकानातून पिशवीत टाकून, मोटारसायकलच्या डिकीत मे महिन्याच्या दुपारी आणलेली लस म्हणजे पाणी. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, पण बाटली कागदात गुंडाळून, कारण ही लस गोठली तरी वाया जाते. फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या खणात अजिबात ठेवू नका. टोचणी सकाळी लवकर उरका.

गाभण शेळीला टोचली तर गाभडते, ही भीती घरोघरी आहे. गाभडते ती धरताना आपटल्यामुळे, पोटावर गुडघा ठेवल्यामुळे, उन्हात पळवल्यामुळे. उलट व्यायच्या तीन-चार आठवडे आधी आईला लस दिली की चिकातून करडाला पहिल्या महिन्यांचं संरक्षण मिळतं. त्यासाठी करडाला जन्मल्यावर पहिल्या तासाभरातच चीक पाजावा लागतो. "जार पडल्यावर पाजू" म्हणत थांबणाऱ्यांनी ही सवय मोडावी. लस घेतलेल्या आईच्या करडाला तीन-चार महिन्यांचं झाल्यावर पहिली टोचणी, मग पंधरा दिवसांनी दुसरी. आईला लस नसेल तर डॉक्टरांना विचारून आणखी लवकर. एकदा दोन डोस पूर्ण झाले की पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी एक.

ज्याला लशीवर विश्वास नाही त्याने घरातल्या म्हाताऱ्यांना बुळकांडी विचारावी. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग 2011 साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. लशीशिवाय ते झालं नसतं.

आता चराईबद्दल, कारण लस घेतली म्हणून शेळ्या मोकाट सोडायच्या असं नाही. पहिला पाऊस झाल्यावर निदान दहा दिवस सकाळी उपाशी शेळी हिरव्यात नेऊ नका. आधी तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, कडब्याची कुट्टी, बाभळीच्या वाळक्या शेंगा, जे असेल ते पोटात पडू द्या. दव उडाल्यावर सोडा. पहिल्या दिवशी तास-दीड तास, मग रोज थोडं वाढवत न्या. संध्याकाळी आल्यावर पुन्हा वाळकं टाका. ज्यांच्याकडे सुबाभूळ, शेवरी, बोर, अंजन आहे त्यांनी पाला उन्हात थोडा सुकवून द्यावा.

माझा एक अनुभव सांगतो, तो कागदावर मला कुठे दिसला नाही. माळावर चरणाऱ्या शेळ्यांत मर कमी असते, ओढ्याकाठी, उसाच्या बांधावर, पाटाच्या कडेला चरणाऱ्यांत जास्त. आणि रोहिणीत पाऊस पडून मध्ये उघडीप पडली, मग मृगात किंवा आर्द्रात पुन्हा पाऊस आला, तर त्या दुसऱ्या फुटीचं गवत पहिल्यापेक्षा घातक ठरतं. असं वर्ष दिसलं की मी खोलगट रानं पंधरा दिवस बंद करायला सांगतो. ज्यांनी ऐकलं त्यांचं नुकसान झालेलं मला आठवत नाही.

मे महिन्यातला दुसरा सापळा म्हणजे लग्नं. उरलेला भात, पोळ्या, बुंदी शेळ्यांपुढे ओतली जाते. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण ओंजळभरापेक्षा जास्त भात शेळीला विष आहे. पोट आंबतं, आणि आंत्रविषाराला तेवढं निमित्त पुरतं. मांडव पडला असेल त्या दिवशी शेळ्या बांधून ठेवा. ईदसाठी बोकड तयार करताना मक्याचा भरडा एकदम वाढवणाऱ्यांनीही हेच लक्षात घ्यावं. भरडा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवायचा.

ज्वारीचे कोवळे पोंगे आणि कापणीनंतर फुटलेली ज्वारीही याच दिवसांत मारते. तो आंत्रविषार नाही, त्याला किरळ लागणं म्हणतात, आणि त्यात जनावर अर्ध्या तासात जाऊ शकतं. फुलोऱ्यात येईपर्यंत ज्वारीत जनावर घालू नका.

आता दुकानदाराबद्दल स्पष्ट बोलतो. शेळी मेली की माणूस घाबरून औषधाच्या दुकानात जातो आणि लिव्हर टॉनिक, कॅल्शियमची बाटली, ताकदीची पावडर, वर एखादं अँटिबायोटिक घेऊन परततो. एका कुटुंबाने पाच शेळ्यांसाठी असा दोन हजारांहून जास्त माल आणलेला मी पाहिला. लस एकीलाही दिलेली नव्हती. यातली कुठलीच बाटली आंत्रविषार थांबवत नाही. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. अर्धवट डोस दिल्याने जंतू औषधाला जुमानेनासे होतात, आणि औषधाचा अंश दुधा-मटणातून आपल्याच लेकरांच्या पोटात जातो. खनिज मिश्रण रोज शेळीमागे दहा ग्रॅमपर्यंत पुरे. तेही परवडत नसेल तर मिठाचा खडा टांगा, चाटतील.

जंताच्या औषधाचंही तसंच. दर महिन्याला सगळ्यांना पाजायचा सल्ला दुकानातून येतो. त्याने जंत औषधाला सरावतात. शेळीची खालची पापणी ओढून बघा. आतला भाग लालसर असेल तर राहू द्या, पांढुरका पडला असेल तर तिला औषध हवं. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा सगळ्यांना द्या, लशीच्या आठ-दहा दिवस आधी. औषध वजनावर ठरतं, अंदाजे झाकणभर ओतू नका. कमी पडलेला डोस जास्त नुकसान करतो. गाभण राहून महिना-दीड महिना झाला नसेल त्या शेळीला अल्बेंडाझोल देऊ नका.

बाकीची नेहमीची कामं, थोडक्यात:

- पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) लस: करडू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर 1 मिली, कातडीखाली. पुन्हा तीन वर्षांनी. लस सोबत मिळणाऱ्या द्रावणात मिसळल्यावर दोन तासांत संपवा. आंत्रविषाराच्या लशीपासून 15 दिवसांचं अंतर.
- गाई-म्हशी: घटसर्प आणि फऱ्या मेअखेरीच्या आत, लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, कानातला 12 अंकी टॅग तपासून.
- गोठ्यात मुरुमाची भर, उतार बाहेरच्या बाजूला, गळणारे पत्रे बदलणं.
- भिंतीच्या फटी बुजवून चुना. गोचीड त्याच फटीत असतो.
- खूर छाटणं. चिखलातून आल्यावर मोरचुदाच्या 5 टक्के द्रावणात पाय बुडवणं, ते पाणी जनावरांना पिऊ न देणं.
- भुसकट, कडबा ताडपत्रीखाली, जमिनीपासून हातभर उंच. बुरशी लागलेला चारा उकिरड्यावर.
- बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी.
- सुई दर शेळीला वेगळी. जमलं नाही तर उकळून.

लस चुकलीच आणि मर सुरू झाली, तर त्याच घडीला हिरवं बंद. सगळा कळप वाळक्या चाऱ्यावर आणा, रान बदला, जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर, 1962 वर, फोन करा. पोट फुगलेल्या पण उभ्या असलेल्या शेळीला 50 मिली गोडं तेल हळूहळू पाजतात. मान फार वर करून ओतलं तर ते फुप्फुसात जातं आणि शेळी त्यानेच मरते. पाण्यातून दहा ग्रॅम खायचा सोडा दिल्याने काही शेळ्या सावरलेल्या मी पाहिल्या आहेत. झटके येत असलेल्या जनावराच्या तोंडात काहीच घालू नका. उरलेल्यांना लगेच लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण तिचा गुण यायला दिवस लागतात. तोवर वाळका चाराच त्यांना वाचवणार.

मेलेल्या जनावराच्या नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर हात लावू नका, फाडू नका, कातडं काढू नका. तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो आणि तो माणसाला होतो. डॉक्टरांना कळवा, सहा फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि जनावर कशानेही अचानक मेलेलं असो, "अजून गरम आहे" म्हणून कापून वाटे घालू नका.

2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात 1 कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी दोन-चारच्या, दहाच्या कळपांत आहेत, आणि अशा घरात शेळी म्हणजे मुलीची फी, दवाखान्याचं बिल, बियाण्याचे पैसे. त्या बाईने नंतर पुन्हा दोन पाठी, म्हणजे तरुण शेळ्या, घेतल्या. पुढच्या मे महिन्यात तिने वस्तीवरच्या सगळ्यांच्या शेळ्या एका सकाळी एकत्र केल्या, कारण बाटलीत बऱ्याच डोसांची लस असते आणि पाच शेळ्यांसाठी ती फोडली तर उरलेली वाया जाते. तुम्हीही तसंच करा. शेजारच्या चार घरांना आजच सांगा.

दुसरा डोस मात्र बहुतेकांचा राहतो. पहिला देऊन माणूस निर्धास्त होतो, लग्नसराईत तारीख विसरते. पहिल्या टोचणीच्या दिवशी गोठ्याच्या खांबावर खडूने तारीख लिहा, आणि तिच्याखाली लगेच पंधरा दिवसांनंतरची.