डीएनएतला बिघडलेला बेस मॉडेल करताय? या चुका टाळा

निपाणीच्या तंबाखू पट्ट्यातली मुलं एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय, म्हणजे डीएनएतल्या बिघडलेल्या बेसच्या (डीएनएच्या एका अक्षराच्या) हालचाली संगणकावर चालवून बघणं, म्हणजेच रन घेणं, निवडतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. तंबाखूतलं एनएनके हे नायट्रोसामाइन शरीरात गेलं की ग्वानिन या बेसच्या ओ६ वर (सहाव्या जागेच्या ऑक्सिजनवर) मिथाइल (CH3 हा छोटा गट) बसू शकतो. मग ते ग्वानिन सायटोसिन सोडून थायमिनशी जोडी जमवतं.

पहिली गफलत इथेच होते. साधं ग्वानिन उघडायचं, ओ६ वर मिथाइल चिकटवायचा आणि रन लावायचा. पण मिथाइल आला की एन१ वरचा हायड्रोजन जायला हवा. तो राहिला तर बेसवर +1 भार चढतो आणि पुढचं सगळंच चुकतं. ८-ऑक्सोग्वानिनमध्ये (ऑक्सिडीकरणाने बिघडलेल्या ग्वानिनमध्ये) उलटं घडतं: सी८ वर हायड्रोजनच्या जागी ऑक्सिजन येतो आणि एन७ वर नवा हायड्रोजन लागतो. ॲडेनिनशी जोडी जमते ती याच हायड्रोजनच्या जोरावर. तो विसरलात तर जोडी सुटत राहते आणि दोष फोर्स फील्डला (अणूंमधली बलं ठरवणाऱ्या सूत्रांच्या आणि आकड्यांच्या संचाला) दिला जातो! रन लावण्याआधी प्रत्येक हायड्रोजन स्क्रीनवर डोळ्यांनी बघा. साखळीच्या मधल्या न्यूक्लिओटाइडचा (बेस, साखर आणि फॉस्फेट मिळून झालेल्या घटकाचा) एकूण भार -1 येतो का, तेही तपासा.

८-ऑक्सोग्वानिनसमोर सायटोसिन असेल तर सुरुवात अँटी रचनेतून (बेस साखरेपासून बाहेर वळलेला) करा, ॲडेनिन असेल तर सिनमधून (बेस साखरेच्या बाजूला वळलेला). बेस आपोआप फिरेल म्हणून वाट बघू नका. काहीशे नॅनोसेकंदांत तो बहुधा फिरत नाही.

बिघडलेल्या बेसच्या अणूंसाठी साध्या ग्वानिनचे चार्ज (भार) उसने घेऊ नका, नव्याने काढा. फोर्स फील्ड पार्मबीएससी१ किंवा ओएल१५ घ्या. जुन्या पार्म९९ मध्ये लांब रनमध्ये डीएनएचा पाठकणा (साखर-फॉस्फेटची साखळी) वेडावाकडा होतो.

पावसाळ्यात खानापूरकडे लाईट गेली तर घाबरू नका. रन चालवणारं ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर, सेटिंग बदललं नसेल तर, दर 15 मिनिटांनी चेकपॉइंट (रनची तोवरची स्थिती साठवणारी फाइल) लिहितं, तिथून रन पुढे चालू करता येतो.

आणि डीएनएत वाक दिसला की लगेच तो बिघाडाचा समजू नका. ॲडेनिनची सलग रांग असलेला निरोगी डीएनएसुद्धा वाकतो. तोच क्रम, तेच आयन, तेवढाच वेळ देऊन निरोगी डीएनएचाही रन घ्या, दोन्हींचे तीन-चार वेगवेगळे रन करा. बिघडलेला बेस मधोमध ठेवा आणि टोकाच्या जोड्या मोजणीतून वगळा, कारण त्या उसवतात. थायमिन डायमर (शेजारचे दोन थायमिन एकमेकांना जोडले जाण्याचा बिघाड) घेतला असेल, तर स्फटिकातून मिळालेला वाक साधारण 30 अंशांचा आहे. तुमचा आकडा आधी त्याच्याशी ताडून बघा.