टूलटिप दिसत नाही, दिसली तर जुनीच: विनफॉर्म्समधल्या या चुका टाळा

कळमन्याच्या फळबाजारात एका अडत्याकडे मी बिलाचा प्रोग्राम बसवून दिला होता, विनफॉर्म्समध्ये (विंडोजचे प्रोग्राम बनवायची मायक्रोसॉफ्टची डॉटनेटमधली पद्धत) लिहिलेला. आंबिया बहाराची संत्री यायला लागली, गाड्यांची रांग लागली आणि मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, हे बिल पक्कं करायचं बटण काऊन दबून नाही राहिलं?" हमालीचा रकाना रिकामा होता, म्हणून बटण बंद होतं. तसं सांगणारी टूलटिप (माउस वर थांबवला की उघडणारी छोटी सूचनापट्टी) मी लिहिलेली होती. ती त्यांना दिसलीच नाही.

बंद बटणावर टूलटिप येत नाही

एनेबल्ड फॉल्स केलेल्या, म्हणजे बंद केलेल्या कंट्रोलला (बटण, रकाना असा फॉर्मवरचा घटक) विंडोज माउसचे संदेश देतच नाही, ते त्याच्या पॅरेंटकडे, म्हणजे तो ज्यात बसवलाय त्या कंट्रोलकडे जातात. मग माउस बटणावर येऊन थांबलाय हे टूलटिपला कळणार कसं? माणूस जिथे अडतो नेमकी तिथेच ती गप्प राहते.

मी असं करतो: बटणाएवढंच एक पॅनल घेतो, बटण त्यात ठेवतो आणि सेटटूलटिप (टूलटिपचा मजकूर लावणारं फंक्शन) दोघांनाही लावतो. बटण चालू असेल तर बटणाची टूलटिप दिसते, बंद असेल तर पॅनलची. डब्ल्यूपीएफमध्ये (डॉटनेटमधली खिडक्या बनवायची दुसरी पद्धत) एवढा खटाटोप नाही, टूलटिपसर्व्हिसचं शोऑनडिसेबल्ड ट्रू केलं की झालं.

मजकूरही नीट हवा. "बिल पक्कं करा" हे बटणावर लिहिलेलंच असतं, टूलटिपमध्ये पुन्हा तेच लिहून कोणाचं काय भलं होणार? "हमाली भरा, मग बिल पक्कं होईल" असं लिहा.

मजकूर बदलला, टूलटिप बदलली नाही

मी फॉर्म लोड होताना एकदाच मजकूर भरून मोकळा व्हायचो. मुनीमजींनी हमाली भरली, आता तोलाई राहिली, पण टूलटिप अजून हमालीच मागतेय. सेटटूलटिप त्या क्षणी दिलेली स्ट्रिंग (मजकूर) जपून ठेवतं, नंतर तुमचं व्हेरिएबल बदललं तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून बटण चालू-बंद करणारी ओळ आणि सेटटूलटिपची ओळ एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि कुठलाही रकाना बदलला की ते फंक्शन बोलवा. सांगण्यासारखं काही उरलं नाही तर रिकामी स्ट्रिंग द्या, टूलटिप निघून जाते.

याच्या उलट टोकाची चूकही मी पुष्कळांच्या कोडमध्ये पाहिली आहे. माउसहोव्हर इव्हेंटमध्ये दर वेळी नवीन टूलटिप ऑब्जेक्ट तयार केला जातो. प्रत्येक टूलटिप ही विंडोजसाठी वेगळी खिडकी असते, त्यामुळे हँडल (विंडोज प्रत्येक खिडकीला देतं तो क्रमांक) वाढत जातात आणि एकावर एक दोन टिपा दिसू लागतात. एका फॉर्मला एकच टूलटिप कंपोनंट पुरतो, सगळ्या कंट्रोल्सचा मजकूर तोच सांभाळतो. ग्रिडमधल्या ओळीप्रमाणे मजकूर बदलायचा असेल, तर माउसमूव्हमध्ये आधी ओळ खरंच बदलली का ते तपासा. नाहीतर टूलटिप लुकलुकत राहते.

आणखी काही ठिकाणी

यूजरकंट्रोलला (अनेक कंट्रोल्स एकत्र करून स्वतः बनवलेला कंट्रोल) लावलेली टूलटिप आतल्या टेक्स्टबॉक्सवर येत नाही, कारण वरचा भाग आतल्या कंट्रोल्सनी झाकलेला असतो. आतल्या प्रत्येकाला वेगळी लावावी लागते.

टूलस्ट्रिपवरची (बटणांची आडवी पट्टी) बटणं मुळात कंट्रोल नाहीत. तिथे सेटटूलटिप चालत नाही, बटणाची टूलटिपटेक्स्ट ही प्रॉपर्टी वापरा. मेनूस्ट्रिप आणि स्टेटसस्ट्रिपवर शोआयटमटूलटिप्स आधीपासून फॉल्स असतं, ते ट्रू करायला लोक विसरतात.

टूलटिप साधारण ५०० मिलिसेकंदांनी उघडते आणि डॉटनेटच्या जुन्या आवृत्त्यांत ५००० मिलिसेकंदांनी मिटते. लांब मराठी वाक्य वाचायला पाच सेकंद कमी पडतात, म्हणून ऑटोपॉपडिले वाढवा, पण ३२,७६७ च्या वर जाऊ नका, त्यापुढची संख्या चिन्हासह १६ बिटांत मावत नाही. आणि वाक्य मोडून नवी ओळ स्वतःच घाला, नाहीतर पट्टी स्क्रीनभर पसरते.

पुढच्या हंगामात त्याच अडत्याने टचस्क्रीन घेतली. बोटाला होव्हर नसतं. त्याच फंक्शनमधली तीच स्ट्रिंग मी आता बटणाखालच्या लेबलमध्येही दाखवतो.