मान वर केली की इमारत खुजी होते

एलिमेंटरी-इंटरमिजिएट झालेल्या कुणालाही नेत्रपातळी, व्हॅनिशिंग पॉइंट, क्रॉस हॅचिंग हे शब्द नवे नाहीत. त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. मुंबईच्या फोर्टातल्या इमारती पेनाने, बारकाव्यांसह काढायला घेतल्या की त्या शब्दांच्या पलीकडचं एक दुखणं सुरू होतं. तुमची पहिली पाच-सहा चित्रं त्याच एका जागी फसणार आहेत, म्हणून आधी तेच.

तुम्ही इमारतीच्या फार जवळ उभे असता. दादाभाई नौरोजी रोडवर समोरच्या फुटपाथवरून चित्र काढायला घेता, चार मजले नजरेत बसत नाहीत, मग मान वर जाते. मानेबरोबर हात आणि इमारत मोजायला हातात समोर धरलेली पेन्सिलही मागे कलते. इथे घात होतो. समजा इमारत ४० मीटर उंच आहे आणि तुम्ही २० मीटरवर आहात. तिचे प्रत्येकी १० मीटरचे चार थर करा. डोळ्याला खालचा थर सुमारे २७ अंशांत दिसतो, त्यावरचा १८, मग ११ आणि सगळ्यांत वरचा जेमतेम ७ अंशांत. कललेल्या पेन्सिलीने तुम्ही हेच घेता: वरचा मजला खालच्याच्या पाव मापाचा. आणि उभ्या रेघा मात्र शाळेत शिकवल्याप्रमाणे एकमेकींना समांतर ठेवता. म्हणजे उंची आकसली, रुंदी तशीच राहिली. मनोऱ्याचा होतो रांजण. मग आपलं ड्रॉइंगच कच्चं असं वाटून माणूस वही मिटतो. ड्रॉइंग कच्चं नसतं, फक्त दोन वेगळ्या पद्धतींची मापं एकाच कागदावर आलेली असतात.

आता हीच इमारत ८० मीटरवरून बघा. चारही थर ७ आणि ६ अंशांच्या दरम्यान येतात. फरक जवळजवळ संपतो, पेन्सिल थोडी कलली तरी चित्र सांभाळून घेतं. म्हणून पेन्सिल कलणार असेल तर नियम एवढाच, की उंचीच्या दुप्पट अंतर मिळालं तरच उभ्या रेघा समांतर ठेवा. राजाबाई टॉवर ८५ मीटरचा, तेव्हा ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या कडेपर्यंत मागे जा. महापालिकेच्या इमारतीचा मनोराही असाच उंच. तिला जवळून समांतर रेघांत कोंबायचा हट्ट करू नका.

मागे सरकायला जागाच नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली: मान हलू द्या, पण पेन्सिल कायम ओळंब्यासारखी उभी धरा. एक डोळा मिटलेला, आणि पेन्सिल चेहऱ्यापासून एकाच अंतरावरच्या उभ्या पातळीत वर-खाली सरकवायची, जणू समोर काच आहे. मग चारही थर सारखे भरतात. वरचा भाग ताणल्यासारखा वाटेल, तरी मजल्यांचं आपसातलं प्रमाण खरं राहील. दुसरी: उभ्या रेघा वर एकत्र येऊ द्या, त्या जिथे मिळतात तो तिसरा व्हॅनिशिंग पॉइंट मान्य करा आणि मापं डोळ्याला दिसतात तशीच घ्या. दोन्ही वाटा चांगल्या. मात्र निर्णय पहिल्या रेघेआधी घ्यायचा आणि कागदाच्या कोपऱ्यात ‘समांतर’ किंवा ‘तीन बिंदू’ असं लिहून ठेवायचं. तास-दीड तासाने कुणालाच आठवत नाही.

मोबाइलचा फोटो यातून सोडवत नाही. फोनचा नेहमीचा कॅमेरा बराच वाइड असतो आणि तो वर कलवला की रेघा आपोआप आत येतात. तो फोटो घरी प्रकाशपेटीवर ठेवून गिरवणं हा शॉर्टकट मला मनापासून आवडत नाही, पण चोरी वगैरे म्हणणाऱ्यांतलाही मी नाही. गिरवताना हाताला जवळचं-लांबचं कळत नाही, सगळ्या रेघा एकाच वजनाच्या पडतात आणि चित्र कुलूपबंद दिसतं, एवढीच माझी तक्रार. फोटो घ्यायचाच तर फोन ओळंब्यात धरा, दुप्पट झूम करा आणि तो फक्त खिडक्या मोजायला वापरा.

मोजणं मात्र टाळता येत नाही. कमानींची रांग असेल तर आधी त्यांची संख्या, मग पहिली आणि शेवटची कमान, मग मधली. मधली शोधायची ती कर्ण काढून: तिरप्या चौकटीचे दोन कर्ण जिथे छेदतात तोच दृश्य मध्य. पट्टीने अर्धं करायला गेलात तर लांबच्या कमानी फुगतात. टोकदार गॉथिक कमान दोन कंसांची असते. समोरून बघताना कमानीच्या रुंदीएवढीच त्रिज्या घेऊन दोन्ही पायांपासून कंस काढले की नेहमीचा आकार येतो. समोरची कमान याहून अणकुचीदार किंवा बसकी असेल तर केंद्रं अनुक्रमे बाहेर किंवा आत सरकवा.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट जवळजवळ प्रत्येक नवशिका गोल काढतो. तो अष्टकोनी आहे, उभ्या फासळ्यांचा. एक बाजू बरोबर तुमच्यासमोर असेल तर तीनच बाजू दिसतात, आणि मधली १० मिलिमीटर घेतलीत तर शेजारच्या दोन्ही ७. फासळी समोर असेल तर चार बाजू: मधल्या दोन ९-९, कडेच्या दोन ४-४ च्या आसपास. एवढं सांभाळलं की घुमटाला आपोआप गोलाई येते, छाया न देताही. वर उभी असलेली प्रगतीची मूर्ती शेवटी काढा आणि तिच्यासाठी कागद शिल्लक ठेवा. मूर्तीचं डोकं कागदाबाहेर गेलेली चित्रं ढीगभर असतील.

उजेडाचं वेळापत्रक सोपं आहे. स्टेशनचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी समोरचं सगळं कोरीवकाम सावलीत. दुपारी तीननंतर जा. ओव्हलवरून दिसणारा राजाबाई टॉवरही दुपारचाच. त्याच मैदानाच्या पलीकडच्या आर्ट डेको इमारती पूर्वेकडे तोंड करून आहेत, त्या सकाळी घ्या. त्यांचे पातळ छज्जे आणि गोलावलेले कोपरे सावलीवरच जगतात. तिथे हॅचिंग, म्हणजे रेघांनी भरलेली छाया, कमी करा, छज्जाखालची एक ठाम पट्टी पुरते.

आता साहित्य, थोडक्यात. कच्चं काम २एच पेन्सिलने, हलक्या हाताने. फाइनलायनरवरच्या, म्हणजे ठरावीक जाडीच्या बारीक पेनांवरच्या, आकड्यांवर डोळे मिटून विश्वास नको: मायक्रॉन नावाच्या पेनाचं ००५ म्हणजे ०.२० मिलिमीटर आणि ०५ म्हणजे ०.४५. टेक्निकल पेनचं ०.१ मात्र खरोखरच ०.१ असतं. दोन्ही एका चित्रात मिसळली की रेघांची उतरंड बिघडते. तीन जाडी पुरतात. सगळ्यांत जाड रेघ फक्त जवळच्या कोपऱ्याला आणि जमिनीला टेकणाऱ्या कडेला द्या. आकाशाला भिडणारी कड बारीकच हवी. बहुतेक जण नेमकं उलट करतात आणि इमारत कात्रण चिकटवल्यासारखी दिसते. पट्टी पेन्सिलला चालते, शाईला नाही. पट्टीला अजिबात हात लावू नका म्हणणारे गुरुजी आणि रेघ मोकळी सोड म्हणणारे गुरुजी, दोघांचंही पहिली दोन वर्षं अर्धंच ऐका. मोकळी रेघ आधी बांधलेल्या हातालाच शोभते.

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि शाई कडेने फुटते. गुळगुळीत, हॉट प्रेस कागद घ्या, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि शाई वाळायला नेहमीच्या दहा मिनिटांऐवजी अर्धा तास द्या. मगच खोडरबर. हा अर्धा तास फार जड जातो, पण घाई केलीत तर पूर्ण दिवसाच्या कामावर राखाडी डाग ओढला जातो आणि तो निघत नाही.

एसीची खोकी, लोंबत्या वायरी, छज्जावरची निळी ताडपत्री, नंतर आलेले पाइप हे सगळं काढा. वारशाच्या नावाखाली ते पुसून टाकण्याची फॅशन आहे, पण त्याने रस्ता पोस्टकार्ड होतो. मोजमापाचं नकाशाकाम, म्हणजे १:५० चं दर्शनी रेखाटन, हे वेगळं काम आहे. तिथे दृश्य यथार्थता, म्हणजे लांबचं लहान दाखवणं, आणायची नसते आणि नजरेचा अंदाजही चालत नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ही दोन कामं एकाच वहीत शेजारी ठेवावीत, एकाच पानावर नाही.

पहिली ऑर्डर आली तर अर्धे पैसे आधी घ्या आणि पेन्सिलच्या टप्प्यावरच मंजुरी लेखी घ्या. शाई पडल्यावर ‘ती खिडकी जरा डावीकडे’ हे होत नाही. स्कॅन ६०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये, म्हणजे राखाडी छटांसह, करा. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात केलात तर ०.१ च्या रेघा तुटक येतात, आणि छापून आल्यावर तुम्ही उगाच पेनाला दोष देत बसाल.