लेझर कीचेनला क्लीन फिनिश आणायचंय? मग हे आधी वाचा

कीचेन कापून झाल्यावर काजळी घासत बसावं लागत असेल तर गडबड आधीच झालेली असते, कारण फिनिश ठरतं ते लेझर चालू करायच्या आधीच.

३ मिमीचा प्लाय घ्या, २२० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा, धूळ पुसा आणि दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. हो, मागे पण, कारण किरण खालच्या जाळीवर आपटून परत येतो आणि मागे तपकिरी ठिपके पाडतो. टेप जुन्या कार्डाने दाबून बसवा, बुडबुडा राहिला की धूर नेमका तिथेच शिरतो.

पॉवर-स्पीडचे दुसऱ्याचे आकडे तुमच्या मशीनला चालतीलच असं नाही, त्याच शीटच्या कोपऱ्यात टेस्ट ग्रिड मारा, म्हणजे वेगवेगळ्या पॉवर-स्पीडचे छोटे चौकोन. एनग्रेव्हिंगच्या, म्हणजे कोरण्याच्या, रेषांमधलं अंतर ०.१ मिमीपासून सुरू करा, फोकस नीट लावा, कापताना एअर असिस्ट (कटवर येणारा हवेचा झोत) फुल. आधी एनग्रेव्हिंग, मग रिंगचं भोक, बाहेरचा कट सगळ्यात शेवटी, नाहीतर तुकडा सुटून हलतो आणि भोक भलतीकडेच पडतं. आणि नाव आरपार कापून करणार असाल तर शिरोरेषेमुळे अक्षरं एकमेकांना धरून राहतात पण अनुस्वार गळून पडतो, त्याला डिझाइनमध्येच खाली चिकटवून घ्या.

ॲक्रिलिक असेल तर कास्टच (साच्यात ओतून केलेलं) घ्या, त्यावर पांढरं दुधी एनग्रेव्हिंग येतं, एक्स्ट्रुडेडवर (दाबून शीट काढलेल्यावर) तसं उठत नाही. पारदर्शक शीटमधून निळा डायोड लेझर सरळ आरपार जातो, तिथे सीओटू (कार्बन डायऑक्साइड लेझर) मशीनच लागतं. पीव्हीसी मात्र अजिबात नको, क्लोरीनवाला विषारी धूर निघतो, तुमची छाती आणि मशीन दोन्हीची वाट लागते. लेझरसाठीचा गॉगल, एक्झॉस्ट हवाच, आणि मशीन चालू ठेवून चहाला जाऊ नका, आग लागू शकते.

टेप काढल्यावर लाकडाच्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग क्लिअर लॅकरचे दोन पातळ हात. ॲक्रिलिकला अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात, साबणाचं पाणी पुरे.

भोक ४ मिमीचं, कडेपासून निदान ३ मिमी आत. कीचेन रिंगला जोडणारी छोटी जोडकडी फाकवायची नाही, दोन पकडींनी एक टोक पुढे एक मागे अशी पिळून उघडा, तशीच बंद करा.